ऑफिसात धंदा काढायचा भाग: विनोदी मालिका पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

गोव्यात मराठी नाटक लिहिणाऱ्यांची वानवा नाही. जत्रेला नाटक, स्पर्धेला एकांकिका, पेडण्याकडे दशावतार. पण हल्ली हीच मंडळी दोन मोबाइल आणि एक माइक घेऊन यूट्यूबसाठी विनोदी मालिका करायला निघतात, तेव्हा पहिल्याच भागात तीन अंकी नाटक कोंबतात. बावीस मिनिटांत लग्न, मुंडकाराची (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याची) जमीन, बापाचा पश्चात्ताप आणि शेवटी भाषण. विनोद मधल्यामध्ये चेंगरतो.

ऑफिसातली माणसं मिळून छोटा धंदा काढतात हा विषय त्या मानाने नवख्याला फार सोयीचा. एकच जागा, पाच-सहा पात्रं, आणि कोणाला काय हवंय हे पहिल्या मिनिटाला कळतं: पैसे. तरी बहुतेकांचा हा भाग फसतो, कारण ते धंद्यावर लिहितात. भाग लिहायचा असतो उतरंडीवर. ऑफिसात कोण कोणाच्या वर हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं; धंदा सुरू झाला की ते चार दिवसांपुरतं उलटंपालटं होतं. साहेब गिऱ्हाईक होतो, शिपाई भागीदार होतो. तेवढं पकडलं की हसू आपोआप येतं.

पायरी १: ऑफिस आधी उभं करा

धंदा कुठला, हा प्रश्न नंतरचा. आधी ऑफिस असं निवडा जिथलं काम तुम्हाला आतून माहीत आहे. तुमच्यापैकी कोणी हॉटेलात रिसेप्शनवर असेल, कोणी पंचायतीत, कोणी शाळेच्या कचेरीत. मी इथे उदाहरणासाठी म्हापशातलं एका सीएचं ऑफिस घेतो. कारण सरळ आहे: ही माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या धंद्यांचे कागद रंगवतात. त्यांनीच धंदा काढला तर काय होईल?

पात्रं पाच पुरेत. मालक म्हणजे ‘सर’, पंचावन्नच्या आसपासचे. शैलाबाय, सगळ्यांत जुनी अकाउंटंट. कुठली फाइल कुठे आहे हे फक्त तिला ठाऊक. रुपेश जीएसटीचे रिटर्न भरतो आणि त्याच्या डोक्यात दर आठवड्याला नवी कल्पना. तन्वी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी करते, परीक्षेच्या तयारीत आहे, त्यामुळे तिला कलमं पाठ. फिलोमिना रिसेप्शनवर. आणि बाबलो: शिपाई, ड्रायव्हर, चहावाला, सगळं तोच. मूळचा सत्तरी तालुक्यातला.

अरे, सहा झाले. असू दे, सर ऑफिसात असतातच कुठे.

प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: ‘याला काय हवं आहे’ आणि ‘हा कशाला घाबरतो’. शैलाबायला मान हवा आहे, आणि ती कागदावर सही करायला घाबरते, कारण तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांचे परिणाम पाहिलेत. ही एक ओळ पुढे तीन दृश्यं देते. ‘शैलाबाय विनोदी स्वभावाची आहे’ असं लिहिलंत तर एकही देत नाही.

पायरी २: धंदा छोटा, मुदत पक्की

नवखे लेखक इथे मोठी उडी मारतात. ॲप काढतात, रिसॉर्ट काढतात, पर्यटकांना दुचाक्या भाड्याने देतात. दुचाकीचा विषय तर सोडाच: भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात, साध्या पांढऱ्या पाटीची घरची स्कूटर भाड्याने देणं बेकायदा, म्हणजे तुमचा भाग तिसऱ्या मिनिटाला पोलीस चौकीत जाणार आणि तिथे अडकणार. ऑफिसची मालिका ऑफिसात राहिली पाहिजे.

धंद्याला तीन गोष्टी हव्यात. माल टेबलावर ठेवून दाखवता आला पाहिजे. भांडवल पगारातून निघालं पाहिजे. आणि मुदत अशी हवी की ती कोणाच्या बापाला पुढे ढकलता येणार नाही.

मी माटोळीचं सामान घरपोच देण्याचा धंदा घेतो. गोव्याबाहेरून आलेल्या वाचकांसाठी: चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. नारळ, सुपारीचा घोस, केळीचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, कांगलां, कवंडळं, माटीची फळं. यातलं निम्मं रानात मिळतं, आणि ते ओळखणारी माणसं ऑफिसात कमी, डोंगराकडच्या गावांत जास्त. चवथीच्या आधी म्हापसा, पणजी, फोंड्याला माटोळीचा बाजार भरतो, तेव्हा पावसात छत्री सांभाळत लोक हे शोधत फिरतात. नोकरीवाल्या माणसाला वेळ नसतो. म्हणजे गरज खरी आहे, माल दिसायला देखणा आहे, आणि मुदत साक्षात गणपतीची.

आता याच्यावर कळस. चवथ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास येते. टॅक्स ऑडिटचा अहवाल भरायची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. म्हणजे सीएच्या ऑफिसात ज्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते, नेमक्या त्याच दिवसांत आपली मंडळी कांगलां मोजत बसणार. दोन मुदती एकमेकींवर आदळवा. कथानकाचा अर्धा भार तिथेच हलका होतो. तुमचं ऑफिस दुसरं असेल तर तिथलीही अशी एखादी तारीख असतेच. शाळेत परीक्षा, हॉटेलात डिसेंबर, पंचायतीत ग्रामसभा.

पायरी ३: हिशेब खरा मांडा, अगदी रुपयापर्यंत

यावर मी अडून बसणार आहे. विनोदी लेखनात पैशाचा आकडा गोलमाल ठेवला की प्रेक्षक सैल होतो. ‘लाखो कमावू’ यात हसू नाही. ‘साडेसातशे’ यात आहे.

कागद घ्या आणि खरोखर मांडा. समजा एका संचाचा खरेदी खर्च ११०० रुपये, विक्री १६००. संचामागे ५०० सुटले. तीस ऑर्डरी मिळाल्या तर १५,००० रुपये. रुपेश आणि शैलाबाय दोघे भागीदार, प्रत्येकी ७५००. रुपेश हे गणित ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर करतो, कागदाची पट्टी फाडून पाकिटात ठेवतो. पहिल्या पाच मिनिटांत हे व्हायला हवं.

मग चवथीच्या आदल्या दिवशीचा बाजार. भाव चढलेले. तोच संच १४५० ला पडतो, पण ऑर्डरी १६०० ला घेऊन ठेवल्यात. संचामागे १५० उरले. तीस संचांचे ४५००. पेट्रोल, गोणी, सुंभ मिळून १५०० गेले. उरले ३०००. आणि तोवर भागीदार झालेत चार. प्रत्येकी ७५०.

साडेसात हजारांचे साडेसातशे. बरोबर दहावा हिस्सा. असा आकडा योगायोगाने जमत नाही, मागून पुढे येऊन जमवावा लागतो: शेवटचा आकडा आधी ठरवा, मग भाव लावा. प्रेक्षकाने पाकिटातली ती पट्टी पाहिलेली असते, त्यामुळे शेवटी रुपेशला काही बोलायची गरज उरत नाही.

दोनचे चार भागीदार झाले कसे, ही खरी गंमत. ती पुढच्या पायरीत.

पायरी ४: कायदा वाचा, त्यात विनोद भरलेला आहे

लेखक मंडळी कायद्याला कंटाळवाणा समजून टाळतात. माझ्या मते या प्रकारच्या भागात निम्मे विनोद कायद्याच्याच पानांत पडलेले असतात, ते फक्त उचलायचे. माझ्या यादीतले चार देतो.

पहिला. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदारांचा नफ्यातला वाटा समान. कोणी किती घाम गाळला, कोणी किती पैसे घातले, प्रश्न नाही. आणि भागीदारी तोंडी बोलण्यानेही होते. आता रुपेशला बाबलोला मजुरी द्यायची नाही, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत म्हणतो, ‘आपण सगळे पार्टनर, फायदा वाटून घेऊ.’ फिलोमिनाही तिथेच बसलेली. झालं. दोन दिवसांची मजुरी वाचवायला गेलेल्या माणसाने अर्धा धंदा वाटून टाकला. ज्या ऑफिसात महिन्याला भागीदारीचे मसुदे तयार होतात, तिथल्या माणसांनी स्वतःचा करार तोंडी केला, हे प्रेक्षकाला समजावून सांगू नका. भिंतीवर दुसऱ्यांच्या करारांच्या फाइल्स दिसू द्या, बस.

दुसरा. नफ्याचा वास लागला की सरांनाही आत यायचं आहे. पण प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला सीएंच्या संस्थेच्या परिषदेच्या परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मालक असून आत येता येत नाही! मग ते काय करतात? फुकट सल्ला देतात. दर अर्ध्या तासाला. आणि शेवटी स्वतःच ऑर्डर देतात व सगळ्यांत त्रासदायक गिऱ्हाईक होतात.

तिसरा. आर्टिकलशिप करणाऱ्या तन्वीलाही परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करता येत नाही. तिला हे पाठ आहे. म्हणून ती कशालाच हात लावत नाही, फक्त उभी राहून कोण काय चुकतंय ते सांगते. अशी एक व्यक्ती प्रत्येक ऑफिसात असतेच. इथे तिला कायद्याचा आधार मिळाला.

चौथा छोटासा. ताज्या फळांवर जीएसटी शून्य. सुपारी ओली असेल तर शून्य, सुकी असेल तर पाच टक्के. माटोळीला बांधतात तो घोस ओला. पण चार दिवसांनी? रुपेश आणि तन्वी यांच्यात यावरून पंधरा सेकंदांची चकमक लावा, त्याहून लांब नको. फक्त मालच विकत असलात तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे त्यांची ही सगळी चकमक मुळात निरर्थक आहे. शैलाबायला हे माहीत आहे. ती बोलत नाही.

एक सांभाळा. कायद्याचा आधार घेऊन विनोद करायचा तर लिहून झाल्यावर एखाद्या ओळखीच्या सीएकडून पानं तपासून घ्या. म्हापशात, मडगावात असा माणूस शोधायला लागत नाही. चुकीचं कलम पडद्यावर गेलं की खालच्या प्रतिक्रियांत पहिला तोच येतो.

पायरी ५: बावीस मिनिटांची आखणी

बावीस हा आकडा आला टीव्हीवरून: अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या की साधारण तेवढं उरतं. यूट्यूबवर ती सक्ती नाही. तरी नवख्याने हीच चौकट पाळावी. बारा मिनिटांत पात्रं रुजत नाहीत आणि तीस मिनिटं धरून ठेवायला हात बसलेला लागतो.

सुरुवातीला दीड-दोन मिनिटांचा तुकडा, शीर्षकाच्या आधी. यात धंद्याचं नाव नको. एक साधी अडचण दाखवा: क्लायंट फोनवर सांगतो की ऑडिटचे कागद उद्या आणतो, आज माटोळीसाठी बाजारात आहे. रुपेश फोन ठेवतो आणि खिडकीतून बाहेर बघतो. शीर्षक.

मग तीन टप्पे. पहिल्यात धंदा ठरतो आणि दिसायला सोपा वाटतो. शेवट ‘आपण सगळे पार्टनर’ वर. दुसऱ्यात ऑर्डरी येतात, आणि इथे उतरंड हलायला लागते. फिलोमिना दिवसभर फोनवरच असल्याने तीसपैकी वीस ऑर्डरी तीच आणते. बाबलो एकटाच असा, ज्याला कांगलां आणि कवंडळं यांतला फरक कळतो. म्हणजे ऑफिसातली सगळ्यांत कमी पगाराची दोन माणसं धंद्यात सगळ्यांत मोलाची. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी सर ऑर्डर देतात. तिसऱ्यात बाजार, चढलेले भाव, वाटप आणि कलम १३. शेवटी अर्ध्या-पाऊण मिनिटाचं शेपूट, ज्यात कथानक पुढे जात नाही, फक्त एक शेवटचा विनोद.

प्रत्येक दृश्यासाठी एकच ओळ लिहा: कोण काय मिळवायला आत येतो आणि काय घेऊन बाहेर पडतो. दशावतारी मंडळी आख्यान पक्कं करतात आणि संवाद रंगमंचावर उभे करतात. लिहिलेली संहिता हातात नसतानाही रात्र निघते, कारण सांगाडा मजबूत असतो. तुमची दृश्ययादी तशी झाली पाहिजे. ती वाचूनच हसू येत नसेल तर संवादांनी येणार नाही.

पायरी ६: संवाद

इथे नाटकवाल्यांची जुनी सवय आड येते. आपल्याकडे पात्र आत आलं की आधी स्वतःची ओळख देतं, मग बातमी, मग भावना. कॅमेऱ्यासमोर हे तिन्ही कापा. पाहा:

रुपेश : बाबलो, तू फक्त फळं आण. बाकी आम्ही बघतो.
बाबलो : रोजाचे किती?
रुपेश : रोज कसला? आपण सगळे पार्टनर. फायदा वाटून घेऊ.
बाबलो : शैलाबाय, हें बरोवन घे.
शैला : घरच्या माणसांत लिहायचं कसलं?
फिलोमिना : सगळे म्हणजे मी पण?
रुपेश : (तोंडात घास) हूं.
(तन्वी वहीतून मान वर करते. काही बोलत नाही. परत खाली घालते.)

यात एकही ‘विनोद’ नाही. सगळं हसू पुढच्या दहा मिनिटांत फुटायचं आहे. लक्षात घ्या, लिहून घ्या असं बाबलोच म्हणतो. ऑफिसातल्या एकाही शिकलेल्या माणसाला ते सुचत नाही.

भाषेचा प्रश्न गोव्यात सुटत नाही आणि तो सोडवायच्या भानगडीत पडू नये. म्हापशातल्या ऑफिसात एकाच वाक्यात कोकणी, मराठी आणि इंग्रजी नांदतात. सगळ्यांना पुण्याची मराठी बोलायला लावलीत तर ऑफिस खोटं वाटेल. सगळं कोकणीत केलंत तर ती कोकणी मालिका झाली, तीही करा, पण वेगळी. माझी पद्धत अशी: सांगाडा मराठी, आणि माणूस चिडला, घाबरला किंवा घरी फोन लावला की त्याच्या घरची बोली. फिलोमिना गिऱ्हाइकांशी मराठीत गोड बोलते आणि फोन ठेवताच कोकणीत वैतागते. प्रेक्षकाला अर्थ चेहऱ्यावरून कळतो.

कोण कोणाला कसं हाक मारतं यावर मात्र नीट लक्ष द्या. ‘सर’, ‘शैलाबाय’, नुसतं ‘बाबलो’. शिपायाला एकेरी आणि नावाने, हे कोणी ठरवलेलं नसतं, चालत आलेलं असतं. धंदा सुरू झाल्यावर रुपेशला बाबलोकडून काम हवं असतं, तेव्हा तो पहिल्यांदा ‘बाबलोबाब’ म्हणतो. बाबलो मागे वळून बघतो, कोणाला हाक मारली म्हणून. आणि सर गिऱ्हाईक झाल्यावर:

सर : रुपेश, माझी माटोळी अजून आली नाही.
रुपेश : सर, ती हार्डवेअरवाल्यांची ऑडिट फाइल संपवतोय.
सर : फाइल सोमवारी. माटोळी आज.
शैला : (वही उघडून, मान वर न करता) ऑर्डर नंबर?

वीस वर्षांत शैलाबायने सरांना असा प्रश्न विचारलेला नाही. हा या भागाचा गाभा. याच्याआधी सरांशी उद्धटपणाचा एकही प्रसंग ठेवू नका, नाहीतर ही ओळ वाया जाईल.

पायरी ७: दुसरी गोष्ट

मुख्य गोष्टीच्या बाजूने एक लहान गोष्ट चालवा, तीन-चार तुकड्यांत. इथे रजा घ्या. चवथीला ऑफिसात कोणी तरी बसायला हवं. फिलोमिना तयार आहे, पण बदल्यात नाताळातल्या दिवसांच्या रजा तिला लिहून हव्यात. ती प्रत्येकाकडून एकेक दिवस गोळा करते. तिची वही नीट, सह्यांसकट. शेवटी प्रेक्षकाला दिसतं की या ऑफिसात लेखी करार फक्त तिनेच केले.

मुख्य गोष्टीशी ही गोष्ट शेवटी टेकली पाहिजे, मध्ये नाही. आणि जाता-येता येणारी एखादी खोड ठेवा, म्हणजे प्रिंटर वगैरे. तीनदा, चौथ्यांदा नको.

पायरी ८: शेवट

मालिकेत सोमवारी सगळं पूर्ववत व्हावं लागतं. सर वर, बाबलो चहा घेऊन आत. पण एक बारीक फरक उरू द्या, नाहीतर प्रेक्षकाला वाटतं घडलंच काही नाही. धंदा यशस्वी करून ऑफिस बंद करू नका. पुढचा भाग कुठे घ्याल? आणि धंदा बुडवून सगळ्यांना रडवूही नका. साडेसातशे रुपये हे ना यश ना अपयश, म्हणून ते चांगले.

भाषण नको. ‘पैशापेक्षा माणसं मोठी’ हे कोणत्याही पात्राच्या तोंडी आलं तर ते पान फाडा. त्याऐवजी हिशेब पुन्हा वर काढा. वाटपानंतर बाबलो आपले ७५० मोजतो, खिशात घालतो आणि रुपेशला विचारतो, ‘पुढच्या वर्सा रोज दितलो?’ भागीदारीपेक्षा मजुरी बरी, हे त्याला दोन दिवसांत कळलं.

पायरी ९: मोठ्याने वाचा

लिहून झालं की ऑफिसात न काम केलेली दोन माणसं आणि केलेली दोन माणसं बोलवा, पात्रं वाटून वाचा, हातात घड्याळ. इंग्रजी पटकथेत एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट असा हिशेब धरतात, पण तो त्यांच्या ठरावीक टाइप आणि मांडणीसाठी आहे. देवनागरीत त्याचा भरवसा धरू नका, वाचूनच मोजा. वाचनात सव्वीस मिनिटं झाली तर चार मिनिटं कापायची, घाईने बोलून भरून काढायची नाहीत. बहुधा पहिल्या टप्प्यातली ओळख-परेड जाते.

जिथे ऑफिसवाले हसतात आणि बाकीचे गप्प, तिथे माहिती कमी पडली आहे. जिथे कोणीच हसत नाही पण सगळे पुढे वाकतात, तिथे हात लावू नका.

पायरी १०: चित्रीकरणाचं थोडं

या कथानकाची एक खरी अडचण आहे. माटोळीची रानफळं भाद्रपदात मिळतात, तेव्हाच. मे महिन्यात निवांत शूटिंग करू म्हणाल तर कवंडळ कुठून आणणार? आणि चवथीच्या आठवड्यात तुमचे अर्धे नट गावच्या घरी. माझा सल्ला: बाजाराचं आणि फळं उघडी दिसणारं एक दृश्य, एवढंच चवथीच्या आधी दोन माणसांत उरका. बाकी ऑफिसात माल गोणीतच ठेवा. बांधलेल्या गोण्यांनी भरलेलं सीएचं ऑफिस, खुर्चीवर गोणी, झेरॉक्स मशीनवर गोणी, हे उघड्या फळांपेक्षा जास्त हसवतं.

ट्यूबलाइटखाली मोबाइलच्या चित्रात पट्टे सरकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवा. फोकस आणि उजेडही कुलूपबंद करा. आवाज त्याहून महत्त्वाचा. पत्र्याच्या छपराखाली पावसात संवाद घेऊ नका, पंखे आणि फ्रिज बंद करा, आणि प्रत्येक खोलीतली अर्ध्या मिनिटाची शांतता वेगळी रेकॉर्ड करा. संकलनात जोड लपवायला ती लागते. नाटकवाल्यांना आधीच सांगा की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा नाही, माइक शर्टाला लावलेला आहे. हे सांगितल्यावरही पहिल्या दिवशी ते ओरडणारच. पहिला दिवस कमी महत्त्वाच्या दृश्यांचा ठेवा.

बाजारात शूटिंग करायचं तर राज्यातल्या चित्रीकरणाच्या परवानग्या एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा बघते, तिथे आधी विचारा, नगरपालिकेलाही कळवा. आणि विक्रेत्या बायकांच्या टोपल्यांसमोर कॅमेरा रोवून त्यांचं गिऱ्हाईक अडवू नका. त्यांचा वर्षाचा मोसम तेवढाच असतो. एखादीला बोलतं करायचं असेल तर आधी तिच्याकडून सामान विकत घ्या. ते तुम्हाला लागणारच आहे.

पार्श्वसंगीताला नेटवरून उचललेली गाणी नकोत. आरती परंपरेची असली तरी तिच्या रेकॉर्डिंगवर कोणाचा तरी हक्क असतो. गावात घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणारी चार पोरं असतातच. त्यांच्याकडून दहा सेकंदांचे सात-आठ तुकडे वाजवून घ्या आणि श्रेयनामावलीत नावं घाला.

उपशीर्षकं मराठीतच द्या, फिलोमिनाच्या कोकणी वैतागालासुद्धा. बांद्याच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला प्रेक्षकही तुमचाच आहे. त्यांत पैशाचे आकडे अक्षरांत न लिहिता अंकांत लिहा. ७५०० आणि ७५० एकाच जागी, एकाच आकारात दिसले पाहिजेत.